परतीची शाल

कवीला चाचा गाडीसारखं पुकारायचे. माईकवर एक टिचकी मारायची, घसा साफ करायचा आणि मग तो सपाट, कसलाही चढउतार नसलेला, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा आवाज यायचा: "प्रवाशांनी लक्ष द्यावं. वाटूरहून आलेले कवी आपल्या जागेवरून सुटण्याच्या तयारीत आहेत. विषय कापूस. कविता दोनच. कवींनी मधे थांबे घेऊ नयेत."

हॉल हसायचा. ते हसायचे नाहीत. त्यांच्या मते ती साधी सूचना होती आणि सूचनेला कोणी हसत नसतं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी परतूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारल्या होत्या. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, म्हणून सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. मी चाचा म्हणायची. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. यांनी कवी पुकारायला घेतले. जुन्या वाचनालयाच्या माडीवर एक हॉल होता. खाली पुस्तकं ओल धरून पडलेली, वर पत्र्याचं छप्पर आणि दोन पंखे, त्यातला एक नुसताच कुरकुरणारा. तिथं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी त्यांची बैठक भरायची. तिला दुसरं नाव नव्हतं. मराठी कविता, उर्दू गझल, जात्यावरच्या ओव्या, भारुड, एखाद्या पोराचं रॅप, जे येईल ते. कुठल्या भाषेनंतर कुठली भाषा यावी याचा काही नियम नव्हता. अध्यक्ष नव्हता. स्वागतगीत नव्हतं. दिवा पेटवायला कोणी आलंच तर चाचा म्हणायचे, "लाईट हाय की. कशाला तेल जाळता?"

ते स्वतः एक ओळ लिहीत नव्हते. मी एकदा विचारलं.

"मी कंट्रोलर हाय," ते म्हणाले. "डायवर येगळा असतो. कंट्रोलरच गाडी चालवायला लागला तर खिडकीत कोन बसंल?"

बैठक संपायची वेळ घड्याळावर नव्हती, आष्टीच्या मुक्कामी गाडीवर होती. संध्याकाळी स्टँडवरून निघून रात्रभर आष्टीतच झोपणारी ती गाडी. आष्टीहून ओव्या म्हणणाऱ्या एक आजी यायच्या, त्यांना ती गाडी मिळालीच पाहिजे. आजी कधी चुकल्या नाहीत. हातात पिशवी, पिशवीत भाकरी, आणि ओवी म्हणताना डोळे मिटलेले. गाडीची वेळ झाली की चाचा उठायचे आणि समोर कोणीही असो, माईक काढून घ्यायचे. एकदा एका प्राध्यापकांची दीर्घ कविता भर रंगात असताना त्यांनी असंच केलं. प्राध्यापक चिडले. "अहो, शेवट राहिलाय!"

"कविता अर्धी राह्यली तर चालती सर," चाचा म्हणाले. "म्हातारी अर्ध्या रस्त्यात न्हाई राह्यली पायजे."

मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजात होते आणि सगळ्या जगावर रागावलेली होते. माझा बाप कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांच्या युनियनचं काम करायचा. घरात पुस्तकं थोडी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर. उभं राहून बोलायचं ते कशाच्या तरी विरुद्ध, एवढंच मला येत होतं. त्या दिवशी मी जी कविता वाचली तिच्यात शब्दांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त असावीत. वाचून खाली उतरले, तर माईकवर तो सपाट आवाज: "आत्ताच विनाथांबा जलद पत्रक फलाटावरून पुढं गेलं हाय. ज्यांना चढता आलं न्हाई त्यांनी पुढच्या महिन्यात यावं."

तेव्हापासून मी पत्रक. रस्त्यात भेटले की, "काय पत्रक, आज कुनाचा निषेध?" माझ्याकडे उत्तर कायम तयार असायचं. ते लक्ष देऊन ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. आता शनिवारी ये, अन् हेच जरा हळू आवाजात वाच."

आमचं खरं भांडण होतं ते अनुदानावरून. दर वर्षी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जालन्याच्या एका कार्यालयात जायचे. वर्षातून एक मोठा कार्यक्रम व्हायचा, त्यासाठी सरकारी मदत मागायला. मला ते सहन व्हायचं नाही.

"चाचा, त्यांच्या दारात जायचंच कशाला? ज्याचा पैसा त्याचा माईक होतो."

"त्यांचा पैसा?" ते खरोखर चकित व्हायचे. "काडीपेटी घेतली तरी टॅक्स भरून राह्यलो मी. तुझा बाप भरतो. ती आष्टीची आजी चहापत्ती घेते, ती भरते. पैसा आपलाच हाय. आपल्याच पैशाला भेटायला जायाची शरम कशाची?"

पण तो आपला पैसा आपल्याला भेटायला फार खळखळ करायचा. कार्यालयाचं उत्तर दर वेळी तेच: प्रस्ताव तत्त्वतः मान्य, निधी उपलब्धतेच्या अधीन राहून. एखाद्या वर्षी निधी यायचा, पुढच्या वर्षी नाही. का आला ते कळायचं नाही, का नाही आला तेही नाही. एका वर्षी पावसाळी काव्यसंमेलनाला मंजुरी मिळाली आणि पैसे आले मार्च सरताना, तेही महिना संपायच्या आत खर्च करा या अटीवर. त्यामुळे परतूरचं पावसाळी काव्यसंमेलन भर उन्हाळ्यात झालं. पत्रा तापलेला. कवी ओले रुमाल डोक्यावर घेऊन ढगांच्या कविता वाचत होते आणि चाचा गंभीरपणे पुकारत होते, "पाऊस तांत्रिक कारणानं उशिरा धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

कार्यालयाचं ते वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं बसलं. घरात बसल्या बसल्या हाक मारायचे, "निधी उपलब्धतेच्या अधीन राहून एक कप चहा मिळंल का?"

आतून चाचींचा आवाज यायचा, "निधी गई चुल्हे में. दूदच नै है घर में."

"बघ," ते मला म्हणायचे. "हिचा जबाब कसा साफ असतो. हिला त्या कार्यालयात बसवायला पायजे."

आता शालीबद्दल.

बैठकीत महिन्याला एक सत्कार व्हायचा, पण तो कवीचा नसायचा. कवीला टाळ्या मिळतात, तेवढं बस झालं, असं चाचांचं मत. सत्कार ऐकणाऱ्याचा. त्या संध्याकाळी कोणी सगळ्यात चांगलं ऐकलं ते चाचा माईकजवळच्या खुर्चीवरून हेरत राहायचे आणि शेवटी त्याला वर बोलवायचे. कधी रेल्वे फाटकाजवळचा पंक्चरवाला, कधी बाळंतपणाला माहेरी आलेली एखादी मुलगी. शाल एकच होती. चाचांच्या स्वतःच्या निरोप समारंभात मिळालेली, मरून रंगाची, जरीच्या काठाची, डांबरगोळीचा वास येणारी. खांद्यावर घातली जायची, टाळ्या व्हायच्या, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढायचं. मग सत्कारमूर्ती खाली उतरता उतरता शाल काढायचा, तिची चौघडी करायचा, वरून हात फिरवून ती सपाट करायचा आणि चाचांच्या हातात द्यायचा. चाचा ती दोन्ही हातांनी घ्यायचे आणि कापडी पिशवीत ठेवायचे. हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नवा माणूस आधी दोन-तीन बैठका बघायचा आणि आपोआप शिकायचा. चाचा तिला परतीची शाल म्हणायचे, परतीचं तिकीट असतं तशी.

नारळही परतीचाच होता. इतक्या हातांतून फिरला की आतलं पाणी आटून गोटा झाला, हलवला की खडखड वाजायचा. पुढं एका सत्कारमूर्तीनं तो घरी नेऊन फोडला आणि दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा वाटा चाचांच्या घरी पोचवला. त्यानंतर नारळ बंद झाला. शाल राहिली.

तीही गेली. एका वर्षी निधीसोबत अट आली की प्रमुख पाहुणा मान्यवर असावा. मग मोठ्या शहरातून एक नामवंत कवी आले. ग्रामीण जाणिवांवर चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. चाचांनी त्यांना शाल घातली. ते मंचावरून उतरले. हॉलमधली प्रत्येक नजर त्या मरून काठावर. पाहुणे बोलत बोलत जिना उतरले, शाल खांद्यावर. गाडीत बसले, शाल खांद्यावर. गाडीनं वळण घेतलं तेव्हा मी पळत निघाले होते. चाचांनी माझा हात धरला.

"पळू नको."

"चाचा, शाल! त्यांना माहीत नाही, मी सांगते ना."

"सत्कार वापस मागता येत न्हाई बेटा."

"पण ती तुमची..."

"खांद्यावर टाकली तवाच त्यांची झाली. आपले लोक वापस देतात, ती त्यांची मोठाई हाय. आपला हक्क न्हाई तो."

पुढच्या महिन्याला सत्काराची वेळ आली तेव्हा सगळे अवघडून बसले होते. चाचांनी आष्टीच्या आजींचं नाव पुकारलं. इतकी वर्षं ओव्या म्हणणाऱ्या आजी त्या दिवशी घसा बसला म्हणून नुसत्याच ऐकत होत्या. आजी वर आल्या. चाचांनी कापडी पिशवीत हात घातला आणि रिकाम्या पिशवीतून, दोन्ही हातांनी, काहीतरी बाहेर काढलं. झटकलं. दोन टोकं धरून उलगडलं. आजींच्या मागे जाऊन त्यांच्या खांद्यांवर अलगद टाकलं आणि पुढे येऊन काठ सारखे केले.

वर पंखा कुरकुरत होता. मला वाटलं आता कोणीतरी हसेल आणि सगळं संपेल.

आजींनी खांद्यावरची हवा हातानं चाचपली. डोक्यावरून पदर घेतात तशी ती वर ओढली. "लई ऊब हाय रं दादा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती काढली, चौघडी केली, हात फिरवला आणि चाचांच्या ओंजळीत ठेवली.

त्यानंतर एका दुकानदारानं नवी शाल आणली. चाचांनी घेतली नाही. "हीच बरी," म्हणाले. "धुयाची कटकट न्हाई, डांबरगोळी न्हाई. अन् पाव्हना घेऊन गेला तरी मागं उरती."

पण हॉल हवेतला असून चालत नाही. त्याला पत्रा लागतो, जिना लागतो, कुलपाची किल्ली लागते. वाचनालय ज्यांच्या ताब्यात होतं त्या मंडळींना माडी एका शिकवणी वर्गाला द्यायची होती. त्यात चूक काय, असं गावातले शहाणे लोक विचारत होते. पोरांचं भलं होईल, चार पैसे येतील, कविता काय झाडाखालीही वाचता येते. जालन्याच्या कार्यालयाकडे हॉलच्या दुरुस्तीचा प्रस्ताव होता. सरकारी पैशानं दुरुस्ती झाली तर महिन्यातली एक संध्याकाळ बैठकीची, हे कागदावर येणार होतं. चाचांना आयुष्याच्या त्या टप्प्यावर दुसरं काही नको होतं. वरचा हॉल, महिन्यातली एक संध्याकाळ, आणि ती कोणाच्या मेहेरबानीनं नव्हे, हक्कानं.

तशात कार्यालयानं जिल्ह्यातल्या सांस्कृतिक कार्यकर्त्यांचा सत्कार ठरवला. यादीत चाचा होते. तिथल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, कार्यक्रमाला मोठे लोक येणार आहेत, तुम्हाला दोन शब्द बोलायला मिळतील, तिथंच हॉलचं बोला, मी मागून जोर लावतो. साहेब माणूस वाईट नव्हता.

आम्ही बसनं जालन्याला गेलो. चाचा, आष्टीच्या आजी आणि मी. रस्ताभर चाचा खिडकीतून बघत एकच वाक्य पुटपुटत होते. वरचा हॉल, महिन्यातली एक संध्याकाळ. त्यांना तेव्हा ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे आपण किती मोठ्यानं पुटपुटतोय ते त्यांना कळत नव्हतं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, "चाचा, कुठला हॉल? लग्न हाय का?"

"हाव," चाचा म्हणाले. "निधी उपलब्धतेच्या अधीन राहून."

मंचावर खूप खुर्च्या होत्या आणि खूप घाई होती. नाव पुकारलं जायचं, माणूस यायचा, शाल, फोटो, पुढचा. निवेदकाचा आवाज गोड होता, शब्द तोंडातच विरघळत होते. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "याला स्टँडवर ठिवला तर एक माणूस बराबर गाडीत बसनार न्हाई."

मग त्यांचं नाव आलं. ते हळूहळू पायऱ्या चढले. साहेबांनी करकरीत नवी शाल प्लॅस्टिकमधून काढून त्यांच्या खांद्यावर घातली. मोठ्या लोकांनी हात लावला. फोटो निघाला. आणि मग चाचांच्या हातांनी, मला नीट दिसत होतं की हातांनीच, ती शाल काढली. चौघडी केली. वरून तळवा फिरवला. आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या पुढं धरली.

साहेबांनी ती घेतली, कारण समोर काही धरलं की माणूस घेतोच. मग त्यांना समजलं. "अहो, तुमचीच आहे. राहू द्या."

"पुढच्याला लागंल की," चाचा म्हणाले. माईक जवळ होता. सगळ्या सभागृहानं ऐकलं.

आधी हसू फुटलं. मग मागच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं आणि ओरडलं, "वा चाचा! अनुदान थकवणाऱ्यांचा निषेध असो!" मागची पोरं उठली. टाळ्या, शिट्ट्या. पुढच्या रांगेत कोणी टाळी वाजवली नाही. पुढचा सत्कारमूर्ती एक कंत्राटदार होता, तो पायरीवर थबकला, ही शाल आता आपल्याला घालतात की काय या भीतीनं. निवेदकानं घाईनं त्याचं नाव पुकारलं. चाचांचे दोन शब्द राहिले ते राहिलेच.

ते खाली आले, माझ्या शेजारी बसले, कानामागे हात धरला. "काय झालं? लोक कशाला ओरडून राह्यले?"

मी सांगितलं. त्यांनी एकदा मंचाकडे बघितलं. मग म्हणाले, "हॉलचं राह्यलं ना."

आजींनी पिशवीतून भाकरी काढून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात फोटो आला. चाचा शाल पुढं करतायत, साहेबांचा चेहरा पडलेला. खाली मथळा, ज्येष्ठ कार्यकर्त्यानं शाल नाकारून केला निषेध. माझा फोन दिवसभर वाजत होता. तीर्थपुरीहून, अंबडहून, कुठून कुठून. लोकांना चाचांसोबत उभं राहायचं होतं. मी रातोरात निषेधाच्या पत्रकाचा मजकूर लिहिला होता, चांगला लिहिला होता. तो घेऊन त्यांच्या घरी गेले.

चाचांनी वाचला. अक्षरावर बोट ठेवून, शेवटपर्यंत.

"यात माझं नाव हाय," ते म्हणाले, "पन मी न्हाई."

"चाचा, तुम्ही शाल परत दिली. सगळ्या जिल्ह्यानं बघितलं."

"देली. निषेध न्हाई केला."

"मग काय केलं?"

ते उत्तर देणार तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. कार्यालयातला कारकून होता, साहेबांनी पाठवलेला. चाचांच्या जुन्या ओळखीचा. चाचींनी चहा टाकला. तो खिशातला कागद पुढं करून कपाळ पुसत म्हणाला, "चाचा, वरून लई बोलनी बसली साहेबाला. पन मार्ग निघतो. दोन ओळींचा खुलासा द्या. निषेधाचा कोनताही हेतू नव्हता, शाल नजरचुकीनं परत केली गेली. बस. हॉलची फाईल टेबलावरच हाय, साहेब म्हनले उद्याच सही करतो."

"पयली ओळ बराबर हाय," चाचा म्हणाले. "ठिव. निषेध नव्हता. दुसरी काट."

"का?"

"नजरचूक नव्हती."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं, चाचींकडे बघितलं. "चाचा, एक शब्द हाय तो. नुसता शब्द."

"आष्टीच्या आजीनं घडी करून देली, ती नजरचूक व्हती? त्या पंक्चरवाल्यानं देली, ती नजरचूक? इतके साल सारे लोक देत आले, मी घेत आलो. मंग आमी सारे नजरेनं अधू हाव का?"

"मंग काय लिहू?"

"रीत लिही."

"रीत म्हंजी?"

"घ्यायची, अन् पुढच्यासाठी ठिवायची."

कारकून हताश हसला. "हे साहेबाला कसं समजवू मी? फाईलीत रीत नसती चाचा."

मला राहवेना. "मग निषेधच म्हणा ना! तुम्ही फक्त हो म्हणा. आम्ही हॉलसाठी रस्त्यावर येतो."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, दमून. "तुला बी नजरचूकच पायजे पत्रक. फक्त तुझी नजर येगळी हाय."

चाची चहाचे कप ठेवत होत्या. त्या नवऱ्याच्या मधे कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या. "लिख दो जी. एक लफ्ज के वास्ते हॉल जाता तुमारा. किते दिन से उसी के पीछे हो."

"हॉल मिळंल," चाचा म्हणाले. "पन मंग त्या हॉलात शाल कोन वापस देईल?"

कारकुनानं चहा संपवला, दाराशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी माझा मजकूर घडी करून पिशवीत टाकला. त्या घरात त्या दिवशी दोन कागद आले होते आणि दोन्ही खोटे होते. त्यातला एक माझा होता म्हणून तो कमी खोटा होत नव्हता.

प्रस्ताव रद्द झाला नाही. असले प्रस्ताव रद्द होत नसतात. तो तत्त्वतः मान्यच राहिला. माडीला नवं कुलूप लागलं, शिकवणी वर्गाचा फ्लेक्स लागला, त्यावर हसऱ्या पोरांचे फोटो. मी पत्रक काढलं, फक्त हॉलबद्दल, शालीचा उल्लेख न करता. स्टँडवर, बाजारात, कापसाच्या गाड्यांपाशी हातानं वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं, बराबर हाय म्हणाले. मला आजही वाटतं की ज्या गावात माणसाला माणसाचं ऐकायला एक छप्पर मिळत नाही, त्या गावाच्या विकासाचे फ्लेक्स फाडून टाकावेत. पण हे मी लिहिते आणि मला आठवतं की दुसऱ्या दिवशी भेळवाल्यानं माझ्याच पत्रकात मला भेळ दिली होती.

बैठक स्टँडवर आली. आष्टीची गाडी लागते त्या फलाटाच्या बाकड्यांवर. सुरुवातीला बरीच माणसं आली, रागानं आली. राग दर महिन्याला येत नाही. मग कवी कमी झाले. ज्यांना हॉल, माईक आणि फोटो हवा होता ते गेले, त्यांना मी दोष देते, चाचांनी दिला नाही. गाड्यांचे हॉर्न, खिडकीतून नव्या कंट्रोलरची पुकार, आणि त्यात एखादा शेर अर्धाच ऐकू यायचा. चाचांना तर तेवढाही नाही. ते कानामागे हात धरून पुढं वाकायचे. सगळ्यात चांगलं ऐकणारा हेरणारा माणूस, आणि त्यालाच ऐकू येईना. शेवटी शेवटी आम्ही तिघंच असायचो. आजी ओवी म्हणायच्या, चाचा त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवायचे, आणि सत्कार मात्र दर वेळी व्हायचा. एकदा माझा, एकदा आजींचा. घ्यायची, घडी करायची, परत द्यायची.

चाचांचा सत्कार कधी झाला नव्हता. ते करू द्यायचे नाहीत. कंट्रोलरचा कसला सत्कार म्हणायचे.

मग चाचींचे गुडघे गेले. नांदेडची मुलगी आली आणि म्हणाली, आता दोघांनी माझ्याकडे चला. चाचांनी फार ताणलं नाही. निघायच्या दिवशी आष्टीच्या आजी सकाळीच आल्या, त्यांच्या मुक्कामी गाडीनं, जी सकाळी परत येते. मी होते. दोन ट्रंका, एक गाठोडं. चाची आणि मुलगी आत जाऊन बसल्या. चाचा खिडकीशी बसले. नव्या कंट्रोलरनं गाडी पुकारली आणि चाचांनी सवयीनं तोंड वाकडं केलं. काय पुकारलं ते त्यांना ऐकू आलं नसणार, लय चुकली एवढं मात्र कळलं असणार.

तेव्हा आजींनी रिकामे हात वर केले. झटकलं, उलगडलं आणि खिडकीतून, टाचा उंचावून, चाचांच्या खांद्यांवर टाकलं. काठ सारखे केले. फलाटावरच्या एका बाईला वाटलं म्हातारी निरोपाला गालावरून हात फिरवतेय.

चाचा थिजल्यासारखे झाले. मग त्यांचा हात खांद्याकडे गेला. मला माहीत होतं आता काय होणार ते. आजींनाही माहीत होतं. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ खिडकीपाशी धरली, घडी घ्यायला.

चाचांनी काढली नाही. त्यांनी ती छातीवर ओढून घेतली, मुठीत दोन्ही काठ धरले, आणि समोर बघत राहिले. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागे आली, वळली, फाटकाकडे निघाली. आजींची ओंजळ तशीच होती.

"आजी," मी म्हणाले, "चाचांनी परत नाही दिली."

आजींनी हात खाली घेतले, पदराला पुसले.

"न्हेऊ दे," त्या म्हणाल्या. "आता हितं कुनाला लागायची हाय?"